साडेनऊ लाखांची रायफल आत्ता घ्यावी का?

लोकमान्यनगर, इंदूर इथून एका वाचकांचं पत्र आलं आहे. वय 36, सुपर कॉरिडॉरवर नोकरी, हातात येणारा पगार 92 हजार. घराचा हप्ता 31 हजार, तो अजून 14 वर्षं चालणार. घरखर्च 34 हजार, एसआयपी 15 हजार. म्युच्युअल फंडात साडेअकरा लाख, त्यातला फायदा साधारण निम्मा. अडीअडचणीसाठी बँकेत 2 लाख. मुलगी सहा वर्षांची. क्लबच्या पॉइंट टू-टू, म्हणजे लहान बोअरच्या रायफलवर 50 मीटर प्रोन (पडून) मारतात आणि गेल्या वर्षी 'रिनाउन्ड शॉट'चा, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत ठराविक गुण मिळवलेल्या नेमबाजाचा, दर्जाही मिळाला. आता लांब पल्ल्यासाठी, म्हणजे 300 मीटर आणि त्यापुढे, स्वतःची बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घ्यायची आहे, दुर्बिणीसकट साडेनऊ लाख. क्लबमधले एक ज्येष्ठ नेमबाज आपली जुनी पॉइंट टू-टू रायफल, अ‍ॅन्शुट्झ 1913, सव्वातीन लाखांना देतो म्हणतात. पण वाचकांचं मन मोठ्या रायफलवर आहे. 'फंड मोडून घेऊ का? नाही जमलं तर विकता येईलच,' असं ते विचारतात. सौ. मात्र म्हणतात, तेवढ्यात प्लॉटचा बयाणा होईल.

आधी तुमचं अभिनंदन. नोकरी, घर, लहान मुलगी हे सगळं सांभाळून हा दर्जा मिळवणं सोपं नाही. रायफल घेऊच नका असं मी म्हणणार नाही. या खेळात एका टप्प्यानंतर स्वतःचं हत्यार लागतंच. क्लबच्या रायफलचा बट दुसऱ्या कुणी तरी हलवलेला असतो, साइट दुसऱ्याच्या डोळ्याला लावलेली असते, आणि तुमची पहिली दहा-पंधरा काडतुसं ती परत आपलीशी करण्यात जातात. तुम्ही घ्या, पण साडेनऊ लाखांची आत्ता नको.

पत्रातलं 'विकता येईलच' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. सोनं सराफ्यात नेलं की तासाभरात पैसे होतात, फंड मोडला की दोन-तीन दिवसांत खात्यात जमा. रायफलचं तसं नाही. शस्त्र कायद्याप्रमाणे परवानाधारकाला आपलं हत्यार दुसऱ्याला विकायचं तर आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा पोलिसांना लेखी कळवावं लागतं आणि त्यानंतर किमान 45 दिवस थांबावं लागतं. घेणाराही परवानाधारकच हवा, आणि त्याच्या परवान्यावर ते हत्यार चढायला हवं. खेळासाठी आयात केलेल्या महागड्या रायफलला असे गिऱ्हाईक अख्ख्या मध्य प्रदेशात किती मिळतील, याचा अंदाज तुमच्या क्लबातच घ्या. म्हणून हे साडेनऊ लाख खर्च म्हणूनच मोजा, गुंतवणुकीच्या रकान्यात त्यांना जागा नाही.

आता गोळ्यांचं पाहू, कारण खरा खर्च तिथे आहे. पॉइंट टू-टूचं काडतूस तुम्हाला 27 रुपयांना पडतं आणि आठवड्याला तुम्ही 60 मारता, म्हणजे महिन्याला सात हजार. हप्ता, घरखर्च आणि एसआयपी जाऊन तुमच्या हातात 12 हजार उरतात, त्यात हे बसतं. मोठ्या रायफलच्या काडतुसाचा भाव तुम्ही 220 रुपये लिहिला आहे. त्याच 12 हजारांत महिन्याला 54 गोळ्या येतील आणि मुलीच्या वह्या-पुस्तकांनाही काही उरणार नाही. आज जेवढ्या गोळ्या आठवड्याला मारता, तेवढ्याही महिन्याभरात मारता येणार नाहीत. शिवाय मोठ्या बोअरमध्ये दारूचा ताप आणि दाब जास्त, त्यामुळे बॅरल झिजतं आणि पुढे ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) फाकायला लागतो, मग बॅरल बदलण्याचा खर्च वेगळा. पॉइंट टू-टूची शिशाची गोळी कमी दाबाने जाते. तिचं बॅरल नीट सांभाळलं तर वर्षानुवर्षं टिकतं.

आणि मारणार कुठे? महूला आर्मी मार्क्समनशिप युनिट आहे, रेवती रेंज सीमा सुरक्षा दलाची आहे. दोन्ही इंदूरच्या उंबरठ्यावर, पण आपल्यासारख्यांनी रविवारी सकाळी पिशवी घेऊन जावं अशा त्या जागा नव्हेत. भोपाळची राज्य अकादमी गाठायची तर जवळपास दोनशे किलोमीटर. रेंजची लेखी परवानगी हातात नसताना 300 मीटरची रायफल घेतली, तर ती कपाटातच राहील.

दुर्बिणीचंही सांगतो. परदेशात हजार मीटरवर दुर्बीण लावून स्पर्धा होतात, त्यांचे व्हिडिओ पाहून कुणालाही मोह होईल. पण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 300 मीटरची रायफल स्पर्धा पीप साइटवरच (बारीक भोकातून नेम धरायच्या साध्या साइटवर) होते, तिथे दुर्बीण चालत नाही. हा प्रकार ऑलिंपिकमध्ये शेवटचा 1972 साली झाला. तुमच्या साडेनऊ लाखांतले अडीच लाख एकट्या दुर्बिणीचे आहेत. ज्या स्पर्धेत ती वापरता येईल अशी कुठली स्पर्धा तुमच्या आवाक्यात आहे, हे आधी शोधा.

'50 मीटरमध्ये आता आव्हान उरलं नाही,' असं तुम्ही लिहिलं आहे. इथे मी नम्रपणे असहमत आहे. 50 मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं असतं, 300 मीटरच्या टार्गेटवर 100 मिलिमीटरचं. अंतर सहापट वाढलं, वर्तुळ मात्र जवळजवळ दहापट. कोनाच्या हिशेबात 50 मीटरचा दहा अधिक बारीक आहे. 300 मीटरवर वारा जास्त छळतो हे खरं, पण श्वास, ट्रिगर आणि पडून राहण्याची शिस्त यांची परीक्षा पॉइंट टू-टूवरच कडक होते. आपल्या कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने 2024 साली पॅरिसमध्ये कांस्य मिळवलं, ते 50 मीटर थ्री पोझिशनमध्येच (गुडघ्यावर, पडून आणि उभं राहून).

म्हणून माझा कौल त्या जुन्या अ‍ॅन्शुट्झला. 1913 ही पक्क्या बांधणीची, जगभर पिढ्यान् पिढ्या वापरलेली टार्गेट रायफल आहे. पण केवळ नावावर घेऊ नका. बॅरलच्या तोंडाची कड शाबूत आहे का ते भिंगातून पाहा, आतून गंज किंवा शिशाचा थर आहे का ते बघा. मग रायफल शिकंजात धरून तीन-चार वेगवेगळ्या लॉटच्या (उत्पादनाच्या खेपांच्या) दहा-दहा गोळ्या 50 मीटरवर मारा आणि ग्रुपचे कागद जपून ठेवा. ज्या लॉटचा ग्रुप सर्वांत घट्ट बसेल, त्याचीच काडतुसं एकदम उचलायची. त्यासाठी 75 हजार बाजूला ठेवा. सरावाच्या भावाने ती पावणेतीन हजारांच्या आसपास येतात. तुमच्या परवान्यावर एका वेळी किती काडतुसं बाळगता येतात ते मात्र आधी वाचा.

हे झाले चार लाख. ते एकदम काढू नका. शेअरबाजाराशी निगडित फंडातल्या दीर्घ मुदतीच्या फायद्यावर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. साडेनऊ लाख एका दमात काढले असते तर अर्ध्या लाखाच्या घरात कर गेला असता. तुम्ही दोन लाख मार्चमध्ये काढा आणि दोन लाख एप्रिलमध्ये. विकताना सर्वांत जुने युनिट आधी गेले असं धरतात आणि त्यांत फायद्याचा वाटा जास्त असतो, तेव्हा काढण्याआधी फंडाचं भांडवली नफ्याचं स्टेटमेंट बघून रक्कम थोडी मागे-पुढे करा. 15 हजारांची एसआयपी थांबवायची नाही. आणि बँकेतले 2 लाख तुमच्या हप्त्याला व घरखर्चाला जेमतेम तीन महिने पुरतील. लहान मूल आणि कर्ज असलेल्या घरात चार लाख हवेत. या वर्षीचा बोनस सरळ तिकडे वळवा.

प्लॉटबद्दल सौ.चं म्हणणं धुडकावू नका. घराचं कर्ज अर्ध्यावरही आलेलं नसताना दुसरी जमीन मी सुचवणार नाही, पण त्यांच्या बोलण्यामागची काळजी रास्त आहे. त्यांना परवान्याची प्रत, हत्यार कुठे ठेवलंय आणि किल्ली कुणाकडे हे माहीत हवं. उद्या तुमचं काही बरंवाईट झालं, तर त्यांना विनाविलंब रायफल पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागेल. मग वारसाच्या हक्काने ती विकायला काढता येते. हे एका कागदावर लिहून विम्याच्या फाइलीत लावा. मूल घरात आहे, तेव्हा क्लबच्या शस्त्रागारात ठेवण्याची सोय असेल तर तीच घ्या.

आता क्रम. ज्येष्ठांना म्हणावं, विक्रीची लेखी सूचना याच आठवड्यात द्या. ते 45 दिवस चालू असतानाच लॉट-टेस्टिंग उरकून घ्या आणि परवान्यावर नोंद करण्याचा अर्जही तयार ठेवा. त्यांच्या सूचनेची पोच तुम्ही स्वतः पाहिल्याशिवाय फंडाला हात लावू नका, आणि विसारही देऊ नका.