नवतपातला ‘नव’ आणि थंडीतला ‘तप’

‘नवतपा’तला ‘नव’ म्हणजे नवा की नऊ, असं दारव्ह्याकडच्या एका वाचकांनी विचारलं आहे. नऊ. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो, तिथून पहिले नऊ दिवस, कडक उन्हाचे. ‘नवी तपन’ अशी फोड करणाऱ्यांनी एप्रिलातल्या दुपारी आपल्याकडे धुऱ्यावर उभं राहून दाखवावं. मे सरेपर्यंत तपन नवी राहते कुठे?

मला खटकलं ते त्यांचं पुढचं वाक्य : ‘या दिवसांत सूर्य पृथ्वीजवळ येतो म्हणून.’ दर उन्हाळ्यात पानठेल्यापासून बातम्यांपर्यंत हेच ऐकू येतं. साफ चूक! पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर. सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला, 15.2 कोटींवर. जानेवारीतलं सूर्यबिंब जुलैपेक्षा 3 टक्क्यांनी मोठं असतं, अन् आपण शेकोटी सोडत नाही. नवतपात सूर्य लांबच असतो, पण थेट माथ्यावर. नागपुरात 26 मेच्या आसपास भरदुपारी उभ्या काठीची सावली पायाशीच विरते. जुलैच्या मध्यानंतर पुन्हा तसंच, पण तेव्हा आभाळ असतं.

आता खरी गंमत. वैदिक महिन्यांत ‘तप’ आणि ‘तपस्य’ आहेत, आणि ते ग्रीष्मात नाहीत, शिशिरात आहेत! म्हणजे माघ-फाल्गुन. थंडीच्या महिन्याला तप का? काही पंडित सांगतात, गार पाण्यातल्या माघस्नानाच्या तपश्चर्येवरून. मला हे उलटं वाटतं. नाव आधीचं, स्नानाचं माहात्म्य नंतरचं. आपल्या वऱ्हाडीकडे कान द्या. ‘तवा तपू दे’ म्हणतो तेव्हा तवा अजून तापलेला नसतो. तपणं म्हणजे हळूहळू चढत जाणं. सूर्य उत्तरेकडे वळला, ऊन चढणीला लागलं, तो तप. हा माझा तर्क, पण तवा माझ्या बाजूने आहे.

यावर कुणी म्हणेल, पूर्वजांना जानेवारीतली जवळीक ठाऊक होती, म्हणून तप. नको! जवळीकीची ती तारीख साधारण 58 वर्षांत एक दिवस पुढे सरकते. तीन हजार वर्षांपूर्वी ती नोव्हेंबरात होती.

आणि हो, ‘नौतपा’ हे हिंदीतलं रूप. त्यातही नऊच.