'नाचू या गडे' मधलं गडे (आणि मुख्य म्हणजे नाचू)

लतादीदींच्या पहिल्या गाण्यात 'नाचू या गडे' आहे, तर हे गडे म्हणजे शेतावरचे गडी का, असं विचारलंय. अहो नाही! एक गडी, चार गडी, अनेकवचन गडीच राहतं. रोमन अक्षरं वाचून 'नाचू या गाडे' म्हणणारेही भेटलेत, त्यांना कोपरापासून नमस्कार. सखीचं सखे तसं हे बायकांच्या तोंडचं लाडिक संबोधन, पुरुष म्हणतात गड्या, बायका म्हणतात गडे. झालं.

खरी गंमत 'नाचू'त आहे. १९४२ साली 'किती हसाल'साठी संगीतकार सदाशिवराव नेवरेकरांनी हे १२ वर्षांच्या लताकडून गाऊन घेतलं आणि नंतर ते सिनेमातून गाळलं, त्यामुळे फार कोणी ऐकलेलंच नाही. त्याच वर्षी 'पहिली मंगळागौर'मध्ये दादा चांदेकरांच्या चालीवरचं 'नटली चैत्राची नवलाई' मात्र पडद्यावर आलं. आता बघा हं, एक गाणं नाचू ने सुरू होतं, दुसरं नटली ने, आणि दोन्ही शब्द एकाच संस्कृत धातूच्या पोटचे, नृत् (नाचणे)! नृत्यतिचं प्राकृतात णच्चइ, तेच आपलं नाचणं. दुसऱ्या वाटेनं ऋ गेला आणि जाताजाता त चा ट करून गेला, तो नट्. विकृतचं विकट झालं ना, तसंच. मग नाचणारा तो नट, नटासारखं रंगूनसजून उभं राहणं म्हणजे नटणं, आणि चैत्रही नटतो तो असा.

यावर एक पंडित लगेच सांगायला आले की धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, नट् वेगळा दिलाय म्हणून तो स्वतंत्र. अहो, त्याच धातुपाठात त्याचा अर्थ काय दिलाय तो तरी वाचा, नृत्त, म्हणजे नाचच ना? यादीत वेगळी ओळ मिळाली म्हणून आईबाप बदलतात का? व्याकरणकार पाणिनी नटसूत्रांचा, म्हणजे नटांसाठीच्या सूत्रांचा, उल्लेख करतो, म्हणजे हा प्राकृत वळणाचा शब्द त्याच्याही आधी संस्कृतात येऊन घरचा झालेला होता, इतकंच. संस्कृत-इंग्रजी कोश करणारा मोनियर विल्यम्ससुद्धा नट् ला नृत् चं प्राकृत रूपच म्हणतो, पण आपल्याकडे गोऱ्याचा कोश फक्त सोयीचा असला की उघडायचा.

माझं तर असं आहे की गाण्यांच्या याद्या करणाऱ्यांनी ही दोन गाणी शेजारीशेजारी लावायला हवीत, नाच आणि नट, सख्ख्या बहिणी.

आणि हो, या गाण्यातली 'नवलाई' म्हणजे आश्चर्य नव्हे, नवेपणा. हे आत्ताच सांगून ठेवतो, पुढचा प्रश्न तोच येणार आहे.