दहावीतल्या मुलांना लैंगिक आरोग्याची नेमकी किती माहिती आहे, हे कसं तपासावं?

‘एड्सबद्दल ऐकलंय का?’ असं विचारू नका, बहुतेक मुलं हो म्हणून मोकळी होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात नेमकं विचारतात: डास चावल्याने एचआयव्ही होतो का, एका ताटात जेवल्याने होतो का, धडधाकट दिसणाऱ्याला तो असू शकतो का, कंडोमने धोका कमी होतो का. अशी सगळी उत्तरं बरोबर आली, तरच ‘सर्वंकष माहिती’ धरतात. २०१९-२१ मध्ये १५ ते ४९ वयाच्या २१.६ टक्के स्त्रिया आणि ३०.७ टक्के पुरुषच त्यात बसले. मोठ्यांचीच ही गत!

पाळी, गर्भधारणेचे प्रश्न तुम्ही जोडा. ‘माहीत नाही’ हा पर्याय हवाच, नाहीतर अंदाजपंचे दिलेलं उत्तरही खपून जातं. कागदावर नाव, हजेरी क्रमांक काही नको.