सगळा खर्च लिहूनही महिनाअखेरीस ओढाताण का होते? घरखर्चाचं बजेट सोपं कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की दोघंही कमावता, ॲपमध्ये पै न् पै नोंदवता, एकवीस रकाने केलेत, तरी 25 तारखेनंतर ओढाताण होतेच आणि बचत दर महिन्याला नशिबावर. यातून काही सुटसुटीत निघेल का, असा तुमचा प्रश्न आहे. निघेल, पण आधी ते रकाने मोडावे लागतील.

हे दुखणं मी स्वतः काढलंय. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं आमच्याकडे एक स्प्रेडशीट होती, 34 रकान्यांची, मी हौसेने रंगीत केलेली. एका रविवारी रात्री नवऱ्याचा आणि माझा वीस मिनिटं वाद झाला. बुटांना नवे तळ लावून घेतले, तो खर्च 'कपडे'मध्ये जाणार की 'दुरुस्ती'मध्ये? शेवटी दोघंही कंटाळलो आणि तो 'इतर'मध्ये टाकला. टाकता टाकता मी सहज 'इतर'ची बेरीज बघितली. घरभाडं आणि किराणा सोडला तर सगळ्यात मोठा रकाना तोच निघाला! तीन वर्षं इमानेइतबारे हिशेब लिहून आम्हाला कळलं काय, तर आमचा पैसा 'इतर' ठिकाणी जातो.

नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. नोंद ठेवणं म्हणजे बजेट नव्हे. नोंद सांगते पैसा कुठे गेला, आणि तोवर तो गेलेला असतो. दुकानात हातात वस्तू घेऊन उभे असता तेव्हा एकच गोष्ट कळायला हवी असते: आत्ता माझ्याकडे खर्चायला किती आहेत? एकवीस रकान्यांतून हे उत्तर निघत नाही. जपानमध्ये 1904 साली हानी मोतोको नावाच्या महिला पत्रकाराने घरखर्चाची वही काढली, 'काकेइबो' म्हणतात तिला, आणि ती आजही लोक वापरतात. त्या पद्धतीत खर्चाचे गट साधारण चारच असतात. शंभर वर्षं टिकण्यात त्या चाराचा वाटा मोठा असावा, असं माझं मत.

आमच्याकडे आता तीनच भाग आहेत, प्रत्येकाचं बँकेत वेगळं खातं. पहिला भाग बांधील खर्चाचा. भाडं किंवा घराचा हप्ता, वीज, फोन, मुलांचा दरमहा खर्च, आणि बचतसुद्धा. दुसरा, वर्षातून एकदा-दोनदा येणाऱ्या खर्चांचा. तिसरा रोजच्या खर्चाचा. पगार झाला की दुसऱ्याच दिवशी पहिल्या दोन खात्यांत पैसे आपोआप जातात आणि तिसऱ्यात दर आठवड्याला, तशी बँकेला सूचना देऊन ठेवली आहे. बचत पहिल्या भागात का, असं विचाराल. महिनाअखेरीस उरेल ते बाजूला टाकू म्हटलं की काही उरत नाही, हे तुम्ही अनुभवताच आहात. भाडं 'उरलं तर देऊ' असं म्हणतो का आपण?

खरा घोटाळा दुसऱ्या भागात असतो, म्हणून त्यावर जरा थांबते.

विम्याचा हप्ता, शाळेची फी, घराचा कर, गाडीची मोठी दुरुस्ती, चष्मा, पाहुण्याराहुण्यांच्या भेटी, प्रवास. यातला एक तरी खर्च अनपेक्षित आहे का? विम्याची तारीख पॉलिसीवर छापलेली असते. तरी दरवर्षी तो महिना आला की आपण म्हणतो, 'या महिन्यात जरा जास्तच खर्च झाला.' मी एकदा मागच्या बारा महिन्यांची बँकेची विवरणं काढून बसले आणि असे 'जरा जास्त' झालेले महिने मोजले. बारापैकी नऊ निघाले. म्हणजे ज्या महिन्याला आम्ही नेहमीचा महिना समजून बजेट आखत होतो, तसे महिने वर्षात तीनच होते.

तुम्हीही हे एकदा करा. एका बसणीत होतं, दोन-तीन तास लागतात. बारा महिन्यांची विवरणं काढा आणि दर महिन्याला न येणारी प्रत्येक मोठी रक्कम एका कागदावर उतरवा. बेरीज करा, बाराने भागा. जो आकडा येईल तो दर महिन्याला दुसऱ्या खात्यात जायला हवा. आकडा बघून धसका बसेल. आम्हाला बसला होता, कारण मिळकतीच्या शंभर भागांतले चौदा भाग तिथेच जात होते आणि आमच्या त्या रंगीत स्प्रेडशीटमध्ये त्यासाठी शून्य होतं.

इथे एक खाचखळगा आहे, तो आधीच सांगते. विम्याचा हप्ता चार महिन्यांवर असेल तर पहिल्या वेळी बाराने भागून चालणार नाही, चाराने भागावं लागेल. त्यामुळे पहिलं वर्ष कठीणच जातं. सगळ्या रकमा एकदम झेपत नसतील तर सगळ्यात जवळच्या तारखेपासून सुरू करा, बाकीच्या एकेक करून जोडा. एकदा चक्र पूर्ण झालं की मग बाराचा भागाकार लागू होतो आणि हप्त्याचं पत्र येतं तेव्हा पैसे आधीच तिथे असतात. तहान लागल्यावर विहीर खणणं थांबतं.

यावर माझ्या नवऱ्याचा आक्षेप असा होता की पैसा तो पैसा, या खात्यात ठेवला काय नि त्या खात्यात ठेवला काय, बेरीज तीच. हिशेबाने तो बरोबर होता. पण माणूस हिशेबाने वागत नाही. अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर यांना 2017 साली नोबेल मिळालं. आपण मनातल्या मनात पैशाचे कप्पे करतो आणि एका कप्प्यातला पैसा दुसऱ्यात घालताना अडखळतो, हा त्यांच्या कामाचा एक मोठा भाग आहे. ही खोड आपल्याला आहेच, तर तिच्याकडून काम करून घ्यायला काय हरकत आहे? 'विमा' असं नाव दिलेल्या खात्यातून नवे हेडफोन घेताना बोट थबकतं. सगळं एकाच खात्यात असेल तर थबकत नाही.

आता तिसरा भाग, रोजचा खर्च. किराणा, भाजी, पेट्रोल, औषधं, बाहेरचं खाणं, मुलांच्या फर्माइशी, सगळं एकाच ठिकाणी. रकाने नाहीत. हा भाग महिन्याचा न ठेवता आठवड्याचा करा. महिना हे माप रोजच्या खर्चाला फार लांब पडतं. पहिल्या दहा दिवसांत आपण श्रीमंत असतो, शेवटच्या पाच दिवसांत काटकसरी. आठवड्यात चूक झाली तर ती दोन-तीन दिवसांत अंगाशी येते आणि तेवढ्यातच निस्तरता येते.

पण महिन्याचा आकडा चाराने भागू नका. चार आठवडे गुणिले बारा महिने म्हणजे 48. वर्षात आठवडे 52. उरलेले चार आठवडे कोण पोसणार? महिन्याच्या रोजच्या खर्चाचे 100 भाग धरले तर चाराने भागून आठवड्याला 25 येतात. खरा आकडा 100 गुणिले 12 भागिले 52, म्हणजे 23 च्या जरा वर. हा दोनाचा फरक बघायला क्षुल्लक वाटतो, पण तुमच्या 25 तारखेनंतरच्या ओढाताणीचा एक तुकडा इथे सापडेल, असा माझा अंदाज आहे. फेब्रुवारी सोडला तर प्रत्येक महिना चार आठवड्यांहून दोन-तीन दिवस मोठा असतो आणि ते दिवस कुणाच्याच बजेटमध्ये नसतात.

आमच्याकडे आठवडा गुरुवारी सुरू होतो. शनिवार-रविवारी खर्च जास्त होतो, त्यामुळे तो आठवड्याच्या पोटात आलेला बरा. सोमवारी सुरू केला तर आठवड्याचे शेवटचे दोन दिवसच महागडे निघतात आणि तोवर खातं रिकामं झालेलं असतं. आधी आम्ही तेच करत होतो.

क्रेडिट कार्डाविषयी तुम्ही ओझरतं लिहिलंय की 'थोडी बाकी असते, किमान रक्कम भरतो.' ही ओळ मला सगळ्यात जास्त खटकली. समजा कार्डावर 100 देणं आहे, व्याज महिना 3 टक्के, आणि तुम्ही दर महिन्याला व्याजासह झालेल्या रकमेच्या 5 टक्के भरता, नवी खरेदी काहीही नाही. वर्षभरात तुम्ही एकूण 55 भराल. देणं किती उतरलं? 23. म्हणजे 77 अजून उरलेले, आणि मधले 32 व्याजात गेले. देणं निम्म्यावर यायलाच 32 महिने लागतात. महिना 3 टक्के ऐकायला बारीक वाटतं, पण व्याजावर व्याज धरलं तर ते वर्षाला 42 टक्क्यांच्या वर जातं. इतका परतावा देणारी गुंतवणूक कुणी दाखवली तर तुम्ही फसवणूक म्हणून पळाल. म्हणून ही बाकी असेपर्यंत बचतीचा भाग आधी इथे वळवा. अडीअडचणीपुरते थोडे हाताशी ठेवा, बाकी सगळं कार्डावर. हे एवढं झाल्याशिवाय बाकीचं बजेट म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी भरणं आहे.

कार्डाचा आणखी एक चटका. 2001 साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले संशोधक ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. बास्केटबॉलच्या सामन्याच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांकडून बोली मागवली, काहींना रोखीने पैसे द्यायचे होते, काहींना कार्डाने. कार्डवाल्यांची बोली सरासरीने रोखवाल्यांच्या जवळपास दुप्पट झाली. म्हणून मी कार्ड मोडून टाकलं असं नाही. पण रोजच्या खर्चाच्या खात्याला फक्त डेबिट कार्ड जोडलंय. खात्यात नाही म्हणजे नाही.

50-30-20 चा नियम लावू का, असंही विचारलंय तुम्ही. करानंतर हाती येणाऱ्या मिळकतीतले निम्मे गरजांना, तीस हौसेला, वीस बचत आणि कर्जफेडीला. अमेरिकेत एलिझाबेथ वॉरन, ज्या पुढे सिनेटर झाल्या, आणि त्यांची मुलगी यांनी 2005 साली हा हिशेब लोकप्रिय केला. तुलना करून बघायला ठीक आहे. पण ज्याचं भाडंच चाळीस भाग खातं, त्याने या आकड्यांपायी स्वतःला दोष देत बसू नये. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरं, पण अंथरूण आपलं मोजायचं असतं, दुसऱ्याचं नाही.

दोघांच्या भांडणाचं औषध वेगळंच आहे. दोघांना दर महिन्याला सारखी रक्कम, ज्याचा हिशेब कुणी कुणाला विचारायचा नाही. रक्कम लहान का असेना, सारखी हवी, पगार कमी-जास्त असले तरी. माझा नवरा त्यातून पेनं घेतो. घरात आता सतरा शाईची पेनं आहेत आणि मी एक शब्द बोलत नाही. पूर्वी प्रत्येक पेनावर बोलत होते, आणि तो माझ्या प्रत्येक कुंडीवर.

तुमच्यापैकी एकाची मिळकत दर महिन्याला बदलते असं दिसतं. तिथे मागच्या वर्षातला सगळ्यात कमी मिळकतीचा महिना हाच पगार धरा. त्याच्या वरचं जे येईल ते आधी दुसऱ्या खात्यात, ते भरलं की कार्डाच्या बाकीवर, ती संपली की बचतीत. सरासरी धरू नका. तिच्यावर बजेट बांधलं तर जवळपास निम्मे महिने तुटीचे निघतात.

राहता राहिलं ॲप. तीन महिने बंद ठेवून बघा. तीन खाती झाली की नोंद बँकच ठेवते, तुम्ही फक्त गुरुवारी तिसऱ्या खात्यात आठवड्याचे पैसे आले का बघायचं, आणि रविवारी रात्री किती उरलेत ते. मी रविवारी रात्री भांडी आवरून झाली की फोनवर तो एक आकडा बघते आणि नवऱ्याला मोठ्याने सांगते. परवा म्हटलं, 'तीन दिवस आहेत आणि पंचमांश उरलाय.' त्याने फ्रिज उघडून बघितला, मग कपाट, आणि म्हणाला, 'होईल, बाहेरचं खाणं गुरुवारनंतर.' इतकंच बोलणं झालं. स्प्रेडशीट अजून लॅपटॉपवर आहे, पण गेल्या चार वर्षांत मी ती उघडलेली नाही.