सांगलीचं तिकीट आणि रोज रात्रीचा आयपॅड

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही दोघं न्यू जर्सीत एडिसनला असतो. हे ७२ चे, मी ६८, दोघंही रिटायर, अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (भारताचा कायमचा व्हिसाच म्हणा). दरवर्षी दोन-अडीच महिने सांगलीला जातो, तिथे माझ्या मोठ्या वन्सं एकट्याच असतात. तिकिटावरून दरवर्षी घरात महाभारत. जेवण झालं की हे आयपॅड घेऊन भाव बघत बसतात, आज ४० डॉलर उतरले, उद्या ६० चढले, आणि घेत काहीच नाहीत. यंदा एका साइटवर दोन स्टॉपचं तिकीट माणशी १८० डॉलरने स्वस्त दिसतंय, मुलगा म्हणतो नका घेऊ. माझे गुडघे बोलायला लागलेत आणि परत कधी यायचं तेही पक्कं नसतं, कारण वन्संची तब्येत वरखाली असते. काय करावं?
एक वाचक, एडिसन

उत्तर : वाचून आधी हसले, कारण आमच्याकडेही हेच, फक्त आयपॅडच्या जागी लॅपटॉप आहे.

तुमच्या ह्यांना सांगा की रोजच्या ४०-६० डॉलरमागे लागू नका, खरा फरक महिन्यात आहे. शाळा सुटल्या की जूनमध्यापासून ऑगस्टपर्यंत आणि मग डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते नवीन वर्षाचा पहिला आठवडा, ह्या दोन वेळा पोराबाळांवाल्यांच्या, त्यांना इलाज नसतो म्हणून ते भरतात. तुम्हाला कुठे रजा मागायचीय? जानेवारीच्या मध्यावर निघा आणि सांगलीचं ऊन तापायच्या आत मार्चअखेर परत या. गणपतीला जायचं असेल तर ऑगस्टच्या शेवटी किंवा सप्टेंबरला निघालेलं बरं पडतं.

आता ते १८० डॉलर. आधी बघा की सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरावर आहे का, कारण काही साइट दोन वेगळी तिकिटं चिकटवून एक दाखवतात आणि मग पहिलं विमान लेट झालं की दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही आणि पैसेही गेले. मी स्वतः तीन वर्षांपूर्वी अशाच एका साइटवरून घेतलं होतं. मध्येच वेळ बदलली, कनेक्शन हुकणार हे स्पष्ट दिसत होतं, एअरलाइनला फोन केला तर म्हणे एजंटशी बोला, एजंट म्हणे एअरलाइनशी बोला, होल्डवर ती सनई का काय ऐकत बसले आणि गॅसवरची वांगी करपली ती करपलीच. वाचवलेले पैसे नवीन तिकिटात गेले, वर मनस्ताप. तेव्हापासून थेट एअरलाइनच्या साइटवरूनच, मग शंभर जास्त लागेनात का.

गुडघ्यांसाठी दोन स्टॉप नकोच. एक स्टॉप, मध्ये अडीच ते चार तास. ५५ मिनिटांचं कनेक्शन पोरांना ठीक आहे, आपण वॉशरूमला जाईपर्यंत गेट बंद. व्हीलचेअर विमानतळावर जाऊन मागू नका, बुकिंगच्या वेळीच मागा, आणि लाजू तर अजिबात नका. त्यात तीन प्रकार असतात: लांब चालवत नाही पण जिना चढता येतो, जिनाही चढवत नाही, आणि सीटपर्यंत न्यावं लागतं. शिडीचं विमान आलं की ह्यातला फरक कळतो, म्हणून गुडघ्याचं खरं काय ते सांगा. अबू धाबीवरून एतिहाद एअरलाइनने परत आलात तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं आणि न्यूयॉर्कच्या जेएफकेला उतरून सरळ बॅगा घ्यायच्या, फक्त मध्ये वेळ भरपूर ठेवा, तिथली रांग कधीकधी मारुतीच्या शेपटासारखी असते.

मुंबईत उतरायची वेळही बघा हं. रात्री दोनला उतरणार, बॅगा घेऊन बाहेर यायला साडेतीन, आणि पुढे सांगलीपर्यंत पावणेचारशे किलोमीटर, तोही रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरबरोबर. आम्ही हल्ली एक रात्र मुंबईतच काढतो, चहा-पोहे खाऊन दिवसाउजेडी निघतो. तो हॉटेलचा खर्च तिकिटातच धरा.

परतीची तारीख पक्की नाही म्हणता, मग ती बदलता येईल असंच तिकीट घ्या, सगळ्यात स्वस्तातलं 'बेसिक' नको. 'चेंज फी नाही' लिहिलेलं असलं तरी भाड्यातला फरक भरावाच लागतो. आणि जातानाचा एखादा टप्पा वापरलाच नाही तर बहुतेक वेळा पुढचं सगळं, परतीसकट, कॅन्सल होतं. वन्संसाठी मुक्काम फारच लांबला तर भारतातले दिवस मोजा: एप्रिल ते मार्च असं वर्ष धरतात, त्यात १८२ दिवस झाले की इन्कम टॅक्ससाठी तुम्ही तिथले रेसिडेंट, आणि भारतातलं उत्पन्न १५ लाखांवर असेल तर १२० दिवसांच्या आतच सीएला फोन करा. गणपतीची वारी आणि जानेवारीची वारी एकाच वर्षात मोजली जाते, हे लोक विसरतात.

मेडिकेअर (अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) भारतात चालत नाही हे माहीत असेलच. ट्रॅव्हल इन्शुरन्स तिकिटाबरोबरच घ्या, कारण जुनी दुखणी कव्हर व्हायची असतील तर बऱ्याच पॉलिसींत पहिले पैसे भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांतच घ्यावा लागतो. गोळ्या हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट.

राहता राहिले तुमचे हे आणि त्यांचा आयपॅड. अमेरिकेत असा नियम आहे की निघायच्या सात दिवस किंवा त्याआधी थेट एअरलाइनकडे बुक केलं तर २४ तासांत फुकट कॅन्सल करता येतं (काही एअरलाइन त्याऐवजी भाव धरून ठेवतात, तेवढं आधी वाचा). तेव्हा आज रात्री जेवणानंतर तिकीट तुम्ही काढा, आणि मग त्यांना म्हणावं, उद्या जेवणाच्या वेळेपर्यंत बघा काय भाव बघायचे ते.