मूळ अवयव पाडण्याचा इंटरनेटच्या सुरक्षेशी काय संबंध?

तुमचा प्रश्न असा, की संगणक एवढे वेगवान असताना एका संख्येचे अवयव पाडणं त्यांना का जमू नये, आणि त्यावर इंटरनेटची सुरक्षा कशी काय अवलंबून राहते.

८०५१ चे मूळ अवयव पाडायला बसा. २, ३, ५, ७ असं भागत भागत थेट ८३ पर्यंत जावं लागेल. उलट ८३ × ९७ हा गुणाकार मिनिटभरात होतो. रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी १९७७ मध्ये शोधलेली, इंटरनेटवरचे संदेश गुप्त ठेवणारी आरएसए पद्धत याच तफावतीवर चालते. दोन प्रचंड मूळ संख्या गुप्त ठेवायच्या, त्यांचा गुणाकार जगजाहीर करायचा. (संख्या मूळ आहे का, हे अवयव न पाडताही तपासता येतं, त्यामुळे अशा संख्या सहज मिळतात.) हा गुणाकार वापरून संदेश कुणीही सांकेतिक करू शकतो, तो उलगडायला मात्र अवयव लागतात.

आज सर्रास वापरला जाणारा २०४८ बिटांचा (म्हणजे ०-१ च्या भाषेत २०४८ अंकांचा) गुणाकार ६१७ अंकी असतो. २०२० मध्ये २५० अंकी संख्या फोडली गेली, तीही सगळ्यात हुशार रीत वापरून. ते काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर केलं असतं तर सुमारे २७०० वर्षं लागली असती!

पण नुसती मोठी संख्या घेऊन भागत नाही, आणि मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. ८०५१ कडेच पुन्हा बघा. ९० चा वर्ग ८१००. त्यातून ८०५१ वजा केले तर उरतात ४९, म्हणजे ७ चा वर्ग. झालं, ९० − ७ आणि ९० + ७ हेच अवयव! दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळच्या निवडल्या की फ्रेंच गणिती फर्माची ही सतराव्या शतकातली युक्ती सगळं उघडं पाडते.

दुसरा धोका मसाविचा: दोन गुणाकारांत एक मूळ संख्या सामाईक असली, तर त्यांचा मसावि तीच संख्या असतो. समजा दुसऱ्या कुणाचा गुणाकार ८३८३ आहे. ८३८३ मधून ८०५१ वजा केले तर उरतात ३३२, ८०५१ ला ३३२ ने भागलं तर बाकी ८३, आणि ८३ ने ३३२ ला निःशेष भाग जातो. सामाईक अवयव ८३ हाती लागला आणि दोघांचीही गुपितं फुटली. शेकडो अंकी संख्यांचा मसावि काढायलाही संगणकाला क्षणभरच लागतो. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो जाहीर चाव्या, म्हणजे असेच जगजाहीर गुणाकार, गोळा करून हेच केलं आणि हजारो चाव्या फुटल्या. बहुतेक राउटरसारख्या उपकरणांच्या होत्या; नुकतंच सुरू झालेलं उपकरण खऱ्या अर्थाने यादृच्छिक संख्या निवडूच शकत नव्हतं, त्यामुळे वेगवेगळ्या उपकरणांनी तीच मूळ संख्या उचलली.

अवयव झटपट पाडणारी रीत असूच शकत नाही, असं अजून कुणी सिद्ध केलेलं नाही. उलट पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर हे काम सोपं होईल, हे गणिती पीटर शोर यांनी १९९४ मध्येच दाखवलं. म्हणून अमेरिकेच्या निस्ट या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेने २०२४ मध्ये अवयवांवर अजिबात न विसंबणाऱ्या नव्या सुरक्षा-पद्धती प्रमाणित केल्या, आणि त्यातली एक ब्राउझरमध्ये वापरातही आली आहे.