चाक पुन्हा बसवल्यावर पुढचा ब्रेक का धरून राहतो?

पाऊस पडून शेतरस्ते काळ्या चिखलाने भरले आणि बाभळीचे काटे टायरमध्ये रुतू लागले, की पंक्चर काढण्यासाठी मोटरसायकलचे पुढचे चाक उतरवले जाते. त्यानंतर काही दिवसांत 'ब्रेक धरतो' अशा तक्रारी येऊ लागतात. घोटाळा बहुतेकांचा एकच असल्याने येथे एकत्र उत्तरे देत आहे.

पुढचे चाक उचलून हाताने फिरवले की पॅड घासल्याचा बारीक आवाज येतो. पॅड बदलावेत का? (चोपडा)

नाही, डिस्क ब्रेकचे पॅड चाकासोबत फिरणाऱ्या चकतीला, म्हणजे डिस्कला, किंचित टेकूनच असतात, चाक सहज फिरत असेल तर विषय संपला.

ट्यूब बदलून चाक बसवल्यापासून गाडी ढकलताना जड लागते. मेकॅनिक काहीही न उघडता कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) किट, पॅड आणि डिस्क बदलायला सांगतात. (पाचोरा)

खर्चाला होकार देऊ नका. चाक काढण्यापूर्वी ब्रेक व्यवस्थित होता, हीच सर्वांत मोठी खूण आहे. तीन सुटे भाग एका दुपारी एकदम निकामी होत नाहीत. चाक बसवताना मात्र चूक सहज होते, आणि ती शोधण्यात वेळ जातो, तर किट विकण्यात नफा असतो. मला या धंद्यातील सर्वांत जास्त चीड याच गोष्टीची आहे.

गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचे चाक अधांतरी करावे, लिव्हर दोन-तीनदा दाबून सोडावा आणि चाक फिरवून पाहावे. ते जड असेल तर कॅलिपरच्या निपलला (ऑइल बाहेर काढण्याच्या छोट्या बोल्टला) पारदर्शक नळी लावून निपल पाव आटा सैल करावे. थोडे ब्रेक ऑइल बाहेर येऊन चाक तत्काळ मोकळे झाले, तर दाब आत अडकला होता असे समजावे. लिव्हरजवळच्या, दाब तयार करणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये ऑइल परतण्यासाठी सुईच्या टोकाएवढे छिद्र असते. ते गाळाने बुजले, किंवा शोभेच्या रंगीत लिव्हरला मोकळी चाल नसल्याने पिस्टन पूर्ण मागे सरकला नाही, तर दाब सुटत नाही. आतून फुगलेला जुना पाइपही हाच प्रकार करतो.

निपल उघडूनही चाक जडच राहिले, तर दोष चाकाच्या बसणीत, गंजलेल्या पिस्टनमध्ये किंवा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या कोरड्या पिनांमध्ये असतो. सुरुवात बसणीपासून करावी. डाव्या-उजव्या बाजूचे बुश (एक्सलवर चाकाचे अंतर राखणारी नळकांडी) अनेक गाड्यांत सारखे नसतात; त्यांची अदलाबदल झाली की डिस्क कॅलिपरच्या मध्यावर येत नाही. फोर्कच्या पायाला पिंच बोल्ट (एक्सल आवळून धरणारा बोल्ट) असल्यास एक्सल आवळल्यानंतर तो सैलच ठेवून गाडी खाली घ्यावी, पुढचा ब्रेक धरून शॉकअप तीन-चार वेळा दाबावेत आणि मगच बोल्ट आवळावा, म्हणजे फोर्कचा पाय आपल्या जागी येतो. आवाज सतत न येता प्रत्येक फेरीत एकाच जागी येत असेल, तर चाक डिस्कच्या बाजूने जमिनीवर टाकले होते का, हे पंक्चरवाल्याला विचारावे. डिस्क अशीच वाकते.

निपलमधून हवा आत गेली तर लिव्हर हँडलला टेकतो, म्हणून ही चाचणी घरी करू नये. जाणत्या मेकॅनिककडे समोर उभे राहून करून घ्यावी.

चाक बाहेर असताना मुलाने लिव्हर दाबला. आता पॅडच्या फटीत डिस्क शिरत नाही. (अमळनेर)

पिस्टन बाहेर आले आहेत. स्क्रूड्रायव्हरने पॅड उचकटू नका. पिस्टनची कड पुसून, ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण उघडून आणि टाकीभोवती कापड गुंडाळून ते सावकाश मागे ढकलावे लागतात. ऑइल ओसंडले तर रंग उडतो. पिस्टन वाकडे सरकत असतील तर काम थांबवून गाडी गॅरेजला न्यावी.

माझ्या गाडीला पुढे 130 मिलिमीटरचा ड्रम ब्रेक आहे. चाक बसवल्यावर ते अर्धवट अडते. (शहादा)

ड्रमच्या प्लेटवरील खाच फोर्कच्या उंचवट्यावर बसली आहे का, हे आधी पाहा. ती बसली नसेल तर ब्रेक मारताच प्लेट चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होते, म्हणून तपासल्याशिवाय गाडी हलवूच नका. खाच बरोबर असेल, तर लिव्हर दाबून धरून एक्सल नट आवळावा, म्हणजे शू (ड्रमला आतून दाबणारे ब्रेकचे तुकडे) ड्रमच्या मध्यावर येतात. 125 सीसीपर्यंतच्या अनेक नव्या गाड्यांत मागच्या पेडलची तारही पुढच्या ब्रेकला जोडलेली असते. ती ताणून बसवली तरी चाक धरते.

पिनांना इंजिन ऑइल सोडले की ब्रेक मोकळा होतो, असे ऐकले. (धुळे)

ऐकलेले विसरा, खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगते, पिनांना सिलिकॉन ग्रीसच लागते.

आठवड्यातून दोनदा कन्नड घाट उतरतो. 'चालवता चालवता सेट होईल' असे सांगून गॅरेजवाल्याने पाठवले. (चाळीसगाव)

घासणारे पॅड डिस्क तापवतात, उष्णता कॅलिपरमधील ऑइलपर्यंत पोहोचते, ऑइल फुगते आणि परतीची वाट बंद असल्यास ब्रेक आणखी आवळतो. डॉट 4 प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असतो, परंतु पाणी शोषलेल्या जुन्या ऑइलचा सुमारे 155 अंशांपर्यंत खाली येतो. ते उकळले की लिव्हर पोकळ होतो, आणि हे नेमके उतारावर घडते. सपाट रस्त्यावर लिव्हरला हात न लावता दोन किलोमीटर जाऊन डिस्कवर पाण्याचे चार थेंब टाका. ते चरचरले, तर घाटात जाऊ नका आणि गाडी त्याच दिवशी दुसऱ्या मेकॅनिकला दाखवा.